बारा मुलांचा वर्ग

पर्यटकांच्या लेखी आरे-वारे म्हणजे डोंगराच्या कडेने जाणारं एक वळण, खाली दोन किनारे, सुरूची झाडं आणि मोबाइलभर फोटो. गणपतीपुळ्याला निघालेली गाडी इथे थांबते. भाजलेलं कणीस खाऊन होतं, कोकम सरबत पिऊन होतं, आणि गाडी पुढे निघून जाते. सकाळी मात्र हा रस्ता गावकऱ्यांचा असतो. शनिवार-रविवारची गर्दी नसते तेव्हा शाळेला जाणारी मुलं इथे दोन तऱ्हांनी दिसतात. टाय-बूट घातलेली मुलं लवकर रस्त्यावर येऊन रत्नागिरीला जाणाऱ्या व्हॅनची वाट बघत उभी राहतात. ती शहरात पोचतात, त्यांच्या दोन तासिका होतात, तेव्हा कुठे वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेची घंटा वाजायची वेळ होते. उरलेली मुलं त्या शाळेत पायीच जातात, कारण शाळा हाकेच्या अंतरावर असते.

व्हॅनमधल्या मुलाच्या घरी विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘इंग्लिश मीडियमला घातलाय.’ पुढे काही सांगावं लागत नाही. शाळेचं नाव, तिथले शिक्षक, त्यांचं शिक्षण हे सगळं नंतर, विचारलं तर. पायी जाणाऱ्या मुलाच्या घरी याच प्रश्नाला थोडा ओशाळा सूर लागतो, ‘इथंच आहे, मराठी शाळेत. पाचवीनंतर बघू.’ आणि अनेक घरांत ते बघणं म्हणजे शहरातला एखादा क्लास असतो.

गावातली सरकारी शाळा, शहरातली इंग्रजी माध्यमाची खाजगी शाळा आणि रत्नागिरीतल्या मारुती मंदिरच्या आसपासचे स्पोकन इंग्लिशचे क्लास ही एकाच भाषेची तीन दुकानं आहेत. पहिल्यात माल फुकट मिळतो, म्हणून तो हलका समजला जातो. बाकी दोन्हींत पैसे मोजावे लागतात, म्हणून तिथला माल चांगला असणार असं गृहीत धरलं जातं. हे गृहीतक तपासायला हवं. भाषा शिकायला लागणाऱ्या गोष्टींपैकी सर्वांत महागडी गोष्ट या तिन्हींमध्ये वाडीतल्या शाळेकडेच आहे, आणि आपण तिला त्या शाळेचं वैगुण्य म्हणतो.

कितवीपासून?

इंग्रजीबाबत महाराष्ट्राने गेली पाऊणशे वर्षं मुख्यतः एकच वाद घातला: ती कितवीपासून शिकवायची? या वादाचं एक टोक रत्नागिरीतच सापडतं. बाळासाहेब खेर यांचा जन्म रत्नागिरीचा. स्वातंत्र्याच्या वेळी ते मुंबई प्रांताच्या सरकारचे प्रमुख होते. त्यांच्या काळात पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढून टाकण्यात आलं आणि ते आठवीपासून ठेवलं गेलं. मूल आधी आपल्या भाषेत पक्कं व्हावं, हा त्यामागचा विचार होता आणि तो प्रामाणिक होता. पण ज्यांना परवडत होतं त्यांच्यासाठी इंग्रजी माध्यमाच्या शाळा उघड्याच होत्या.

ती वाट बंद करण्याचाही प्रयत्न झाला. मोरारजी देसाई मुख्यमंत्री असताना, जानेवारी १९५४ मध्ये मुंबई सरकारने परिपत्रक काढलं, की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्या किंवा आशियाई वंशाच्या नसलेल्या मुलांखेरीज इतरांना प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलची चालक संस्था न्यायालयात गेली. उच्च न्यायालयाने आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवलं. इंग्रजी माध्यमाची शाळा निवडण्याचा पालकांचा हक्क तेव्हापासून न्यायालयाच्या शिक्क्यानिशी पक्का झाला. सरकारच्या हाती राहिली फक्त स्वतःच्या शाळांमधली इंग्रजी.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर ती पाचवीवर आली. आज चाळिशी ओलांडलेल्या मराठी माध्यमाच्या बहुतेकांनी एबीसीडी पाचवीतच गिरवली आहे. मग २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत इंग्रजी थेट पहिलीपासून सुरू झाली. त्यावर साहित्यिक आणि शिक्षणतज्ज्ञांनी रान उठवलं, पण निर्णय टिकला. पाठोपाठ गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे ‘सेमी’चे वर्ग वाढले. २०२२ पासून पहिलीच्या मुलांच्या हाती मराठी आणि इंग्रजी एकाच पुस्तकात असलेलं एकात्मिक द्विभाषिक पुस्तक आलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याचा शासन निर्णय निघाला तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला आणि जूनअखेर सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्या सगळ्या गदारोळात पहिलीपासूनच्या इंग्रजीवर मोठी हरकत आली नाही. पंचवीस वर्षांत तो प्रश्न निकाली निघाला होता.

मूल इंग्रजी किती शिकतं, हा प्रश्न मात्र निकाली निघालेला नाही. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी २४.५ टक्के मुलांना इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता आली. आठवीत हे प्रमाण ४६.७ टक्के होतं. सहा वर्षांपूर्वी, २०१६ मध्ये पाचवीचा आकडा २४.७ होता, म्हणजे तो जवळपास जागच्या जागीच राहिला. या पाहणीत सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही शाळांची मुलं आहेत, आणि तपासलं गेलं ते वाचन. बोलण्याची तर मोजदादच नाही.

मालगुंडचा मास्तर

आरे-वारे ओलांडून नेवऱ्याकडून पुढे गेलं की मालगुंड लागतं. तिथे केशवसुतांचं स्मारक आहे. मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषदेने ते उभं केलं. शाळांच्या सहली तिथे येतात, मुलं कवितांचे फलक वाचतात आणि पुन्हा बसमध्ये बसतात. ज्याला आपण आधुनिक मराठी कवितेचा जनक म्हणतो, त्याने पोट मास्तरकीवर भरलं, हे त्या मुलांना सांगायला हवं.

कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म १८६६ चा. वडील शाळामास्तर. स्वतः कृष्णाजी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८८९ मध्ये मॅट्रिक झाले. मुंबईत तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या आणि मास्तरकी करत त्यांनी दिवस काढले. प्लेगच्या दिवसांत मुंबई सोडून ते खानदेशात गेले आणि पुढे फैजपूरच्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक झाले. १९०४ मध्ये धारवाडच्या सरकारी हायस्कुलात त्यांना जागा मिळाली, तीही मराठीच्या शिक्षकाची. पुढच्याच वर्षी हुबळीत प्लेगने त्यांचा मृत्यू झाला. इंग्रजी कवितेतलं सुनीत मराठीत आणणारा हा माणूस आयुष्यभर एका शाळेतून दुसऱ्या शाळेत नोकरी शोधत फिरला. खाजगीत पगार नाही आणि सरकारीत जागा नाही, ही आजच्या डी.एड. झालेल्या पोरांची कैफियत सव्वाशे वर्षं जुनी आहे.

ज्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये केशवसुत शिकले, तिच्या जन्माचा धागाही रत्नागिरीशी जुळतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळाखात्यात शिक्षक होते. ‘निबंधमाले’तलं त्यांचं लिखाण जोरात असतानाच, १८७८ मध्ये त्यांची पुण्याहून रत्नागिरीला बदली झाली. पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली, आणि १ जानेवारी १८८० रोजी टिळक आणि नामजोशी यांच्यासह पुण्यात स्वतःची शाळा काढली. टिळक तर जन्माने रत्नागिरीचे, आणि त्यांचे वडील गंगाधरपंत इथल्याच मराठी शाळेत शिक्षक होते. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणणाऱ्या शास्त्रीबुवांनी ते दूध सरकारच्या ताब्यात राहू नये म्हणून खाजगी शाळा काढली. १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगासमोर त्या शाळेचं कौतुक झालं. त्याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं: सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्चशिक्षणाकडे जातो आहे, तो बहुजनांच्या प्राथमिक शाळांकडे वळवा आणि तिथे चांगले शिक्षक द्या.

आजचा सरकारी-खाजगी वाद याच दोन सुरांचा आहे. एक म्हणतो, सरकारला जमत नाही, आम्ही करून दाखवतो. दुसरा म्हणतो, ज्याच्याकडे फी नाही त्याचं काय? फरक एवढाच, की चिपळूणकरांच्या शाळेतले मास्तर कमी पगारावर राबत होते ते ध्येयापायी, आणि आजच्या अनेक खाजगी शाळांतल्या बाई कमी पगारावर राबतात त्या दुसरी नोकरी नाही म्हणून.

वर्गात काय होतं

वाडीवरच्या शाळेचं चित्र साधारण असं असतं. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, दोन खोल्या. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी. पट बारा-पंधरा. भिंतीवर फळांचे, वारांचे, रंगांचे तक्ते. शिकवण्याखेरीज शिक्षकांच्या माथी पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती, निवडणूक आली की बीएलओची कामं आणि केंद्रप्रमुखांनी आज संध्याकाळपर्यंत मागवलेला एखादा तक्ता असतोच.

इंग्रजीचा तास लागला की बाई टेबलावर वस्तू मांडतात: एक शिंपला, एक करवंटी, एक सुपारी, एक पेन. ‘व्हॉट इज धिस?’ सगळी मुलं एका सुरात, ‘धिस इज अ शेऽऽल!’ आवाज असा, की रस्त्यापर्यंत ऐकू जावा. तास उत्तम चालला आहे असं वाटतं. मग बाई कोपऱ्यातल्या मुलीला एकटीला उभं करतात आणि तोच शिंपला पुढे धरतात. ती बाईंकडे बघते, शिंपल्याकडे बघते, शेजारणीकडे बघते. एका सुरात म्हणताना तिने ओठ हलवले होते, वाक्य मात्र इतरांचं होतं.

चांगली शिक्षिका ओळखायची ती इथे. ती मुलीला खाली बसवत नाही आणि सगळ्यांना पुन्हा ओरडायलाही लावत नाही. दोन मुलांना समोरासमोर बसवते. एक गिऱ्हाईक, एक दुकानदार. ज्याच्या आईचा किनाऱ्यावर सरबताचा स्टॉल आहे तो दुकानदार होतो. ‘हाउ मच?’ ‘ट्वेंटी रुपीज.’ ‘टू ग्लासेस, प्लीज.’ घासाघीस कशी करायची हे मुलांना शिकवावं लागत नाही. अडतं ते ‘जरा कमी करा’ला इंग्रजीत काय म्हणायचं तिथे, आणि तेवढं नेमकं सांगितलं की दुसऱ्या दिवशी ते आठवतं, कारण काल ते लागलं होतं.

अडचण अशी, की वर्गाबाहेर ते पुन्हा लागत नाही. आरे-वारेला येणारा पर्यटक कोल्हापूरचा, सांगलीचा, पुण्या-मुंबईचा. तो मराठीत बोलतो, फार तर हिंदीत. इंग्रजी इथे पाट्यांवर भरपूर आहे, होम स्टे, सी व्ह्यू, पार्किंग, पण ती कुणाच्या तोंडी नाही. उलट गंमत बघायची तर आंब्याच्या बागांत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांच्या मुलांकडे बघावं. त्यांच्या घरी मराठी नाही, पण शाळेत, अंगणात, दुकानात चहूकडे मराठीच कानावर पडते आणि गरजही तिचीच असते. ती मुलं मराठी कुठल्याही क्लासविना उचलतात. इंग्रजीचं तसं होत नाही, आणि दोष मुलांचा नाही. जे वातावरण बाहेर नाही ते वर्गातच मुद्दाम तयार करावं लागतं. म्हणून मूल वर्गात स्वतः किती बोललं, यावर सगळं ठरतं.

शहरातली दुकानं

रत्नागिरीतल्या क्लासची पाटी बहुधा दिवसांत बोलते. साठ दिवसांत इंग्लिश, नव्वद दिवसांत फाडफाड इंग्लिश. तिथे बसणारी मंडळी मात्र पाटीपेक्षा खरी असतात. बारावी होऊन हॉटेल मॅनेजमेंटला जायचं असलेला मुलगा, नर्सिंग करून आखाती देशात जाऊ बघणारी मुलगी, जहाजावर नोकरी शोधणारा आयटीआयचा पोरगा, मुलाच्या शाळेतल्या मीटिंगमध्ये गप्प बसावं लागतं म्हणून आलेली आई. यांच्या आधीच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतली वाक्यं उलटसुलट केली. त्यानंतरच्यांनी रॅपिडेक्स आणलं, ज्याच्या जाहिरातीत कपिल देव होता. पुस्तकाने व्याकरण दिलं, धीर दिला नाही. क्लास धीर विकतो.

आणि चांगला क्लास तो खरोखर देतो, हेही मान्य करायला हवं. तिथे बॅच लहान असते. प्रत्येकाला उभं राहून ‘मायसेल्फ’पासून सुरुवात करावी लागते. विद्यार्थी मोठे असतात आणि गरज घेऊन आलेले असतात. शिकवणाऱ्याला पुढची बॅच भरायची असते, त्यामुळे तो कुणाला गप्प बसू देत नाही. शाळेने दहा वर्षांत जे करून घेतलं नाही ते इथे पहिल्या आठवड्यात होतं: माणूस तोंड उघडतो. पण पुढची मजल थोडीच असते. रोज तास, आठवड्याला सहा दिवस, तीन महिने, असं धरलं तरी पंचाहत्तर-ऐंशी तास होतात. तेवढ्यात आधी शिकलेलं जागं होतं. ज्याच्याकडे आधीचं काहीच नाही त्याला ओळख करून देण्याची पाच वाक्यं मिळतात आणि फी आगाऊ भरलेली असते.

इंग्रजी माध्यमाच्या शाळेचं तिसरंच. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर अशा शाळा काढणं सोपं झालं. त्यांत काही फार चांगल्या आहेत. पण अनेक ठिकाणी वर्गात चाळीस मुलं, घरी इंग्रजीचा शब्द नाही आणि शिकवणाऱ्या बाईंनाही इंग्रजी बोलायचा सराव नाही, असं असतं. मग विज्ञानाचं उत्तर पाठ होतं, आणि अर्थ मराठीत सांगून सांगून आईचा जीव जातो. भाषाही धड नाही आणि विषयही नाही, अशा मुलांना मग चौथी-पाचवीत ट्यूशन लागते. म्हणजे फी एका ठिकाणी आणि शिकणं दुसऱ्या.

तरीही ओढा तिकडेच आहे, आणि तो केवळ दिखाऊपणाचा आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत बदल केला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेवर २५ टक्के राखीव जागांचं बंधन राहणार नव्हतं. म्हणजे गरिबाच्या मुलाने जवळच्या सरकारी शाळेतच जावं. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि जुलैत तो रद्द केला. व्हॅनची फी भरू न शकणाऱ्या आईबापांनाही तीच दारं हवी आहेत. त्यांना नावं ठेवण्याआधी, आपल्या शाळेत ते का थांबत नाहीत, हे शाळेने विचारायला हवं.

जपान आणि कोरिया

इंग्रजी आजूबाजूला बोलली जात नाही, पण परीक्षेला आणि नोकरीला हवी, ही अवस्था एकट्या कोकणाची नाही. जपान आणि दक्षिण कोरिया तिच्यातून फार पैसा खर्चून गेले आहेत.

जपानने १९८७ मध्ये ‘जेट’ योजना सुरू केली. परदेशी तरुण सहायक शिक्षक म्हणून सरकारी शाळांत येतात आणि जपानी शिक्षकाबरोबर वर्ग घेतात. राहण्याची सोय, ठरलेला पगार, सुट्ट्या, सगळं नीट. पण वर्ग मोठा, आणि एक सहायक कित्येक वर्गांत फिरणारा. मुलाच्या वाट्याला तो आठवड्यातून थोडा वेळ येतो. दुसरीकडे रेल्वे स्टेशनांजवळ संभाषणाचे खाजगी वर्ग फोफावले. ‘नोवा’ ही त्यातली सर्वांत मोठी साखळी. तिथे गट चार-पाच जणांचे, वेळ आपल्या सोयीची, आणि फी आगाऊ. ऑक्टोबर २००७ मध्ये नोवा कोसळली. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले आणि लाखो विद्यार्थ्यांची आगाऊ भरलेली फी बुडाली.

कोरियाने १९९५ मध्ये ‘एपिक’ नावाची तशीच सरकारी योजना आणली आणि १९९७ पासून तिसरीत इंग्रजी सुरू केली. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे पात्र भारतीय शिक्षकांनाही तिथल्या सरकारी शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जाण्याची वाट खुली झाली. पण कोरियातला खरा बाजार ‘हागवॉन’चा, म्हणजे शाळेनंतरच्या खाजगी क्लासचा. १९८० मध्ये लष्करी राजवटीने खाजगी शिकवण्यांवर सरसकट बंदी घातली. शिकवण्या बंद झाल्या नाहीत, चोरून सुरू राहिल्या. २००० मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती बंदी मोडीत काढली. नंतर सोल शहराने रात्री दहानंतर क्लास चालू ठेवायला मनाई केली. आजही संध्याकाळी मुलं शाळेतून सुटून क्लासला जातात.

तिथे शिकवायला गेलेल्या शिक्षकापुढे निवड असते ती सरळ आहे. सरकारी शाळेत नोकरीची शाश्वती आणि सुट्ट्या, पण समोर तीस-पस्तीस मुलं आणि नावं लक्षात राहायच्या आत संपणारा तास. क्लासमध्ये संध्याकाळची ड्युटी आणि मालकाची मर्जी, पण समोर आठ-दहा मुलं, प्रत्येकाचं नाव माहीत आणि प्रत्येकाचं बोलणं ऐकलेलं. पालक क्लासला पैसे मोजतात ते या शेवटच्या गोष्टीसाठी. लहान गट ही तिथली सर्वांत महाग वस्तू आहे. बंदी घालून तिची मागणी मेली नाही, आणि सरकारी वर्गात पाहुणा शिक्षक आणून ती पुरी झाली नाही.

आता हेच गणित आरे-वारेच्या पट्ट्यात मांडू.

सेकंदांचा हिशेब

शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेसाठी वर्षाला किमान २०० दिवस ठरवले आहेत. रोज अर्धा तास इंग्रजी धरली तर वर्षाला १०० तास होतात. चौथीपर्यंत वाडीत आणि पुढे सातवीपर्यंत मोठ्या सरकारी शाळेत, असे मिळून ७००. म्हणजे तीन महिन्यांच्या क्लासच्या जवळपास नऊपट वेळ शाळेकडे आधीच आहे, तोही लहान वयातला, फुकट आणि रोजचा.

आता हा अर्धा तास वाटून बघा. वर्गात चाळीस मुलं असतील आणि शिक्षक स्वतः एक शब्दही बोलले नाहीत, तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला ४५ सेकंद येतात. बारा मुलं असतील तर अडीच मिनिटं. दोन शिक्षकांनी सहा-सहा मुलं घेतली तर पाच मिनिटं. जोड्या करून बोलायला लावलं तर त्याच्या कितीतरी पट. रोज पाच मिनिटं इंग्रजीत बोललेलं मूल सातवीतून बाहेर पडताना कुठल्याही ‘नव्वद दिवसां’च्या पुढे असेल.

सोलमधला बाप ज्यासाठी पगारातला मोठा हिस्सा मोजतो, तो सहा मुलांचा गट आपल्या वाडीवर सरकारी खर्चाने बसलेला आहे. आपल्याकडे त्याला नाव आहे, ‘कमी पटाची शाळा’. २०२३ मध्ये राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोजल्या तेव्हा त्या पावणेपंधरा हजारांच्या घरात निघाल्या, आणि त्यांचं एकत्रीकरण करून समूह शाळा कराव्यात असा विचार पुढे आला. शिक्षकांची बचत, चांगली इमारत, प्रयोगशाळा, मोठं मैदान, अशी त्यामागची कारणं आहेत आणि ती खोटी नाहीत. चार मुलांच्या शाळेत खेळाचा संघ होत नाही, हेही खरं. पण भाषेच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. बारा मुलांच्या तीन-चार शाळा मोडून चाळीस मुलांचा एक वर्ग केला, की अडीच मिनिटांची पुन्हा ४५ सेकंदं होतात. मग त्या वर्गातली मुलं एका सुरात ‘शेऽऽल’ म्हणतील आणि पाचवीनंतर मारुती मंदिरला क्लास लावतील.

शिक्षक हवा, तोही राहणारा

इतकं सांगितल्यावर कुणीही म्हणेल, मग या शाळांतली मुलं आत्ता का बोलत नाहीत? संधी आहे आणि तिचा वापर नाही, याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही.

पहिलं कारण जागा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात भरतीने येणारे पुष्कळ शिक्षक इतर जिल्ह्यांतले असतात. काही वर्षं काढून ते आंतरजिल्हा बदलीने घराकडे जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण जागा रिकामी होते. मे महिन्यात शिक्षक गेले आणि जूनमध्ये शाळेला एकच शिक्षक उरला, हे कोकणात वारंवार घडतं. मग मानधनावर माणूस नेमायची धावपळ होते. स्थानिक डी.एड.धारक भरतीत प्राधान्य मागत आंदोलनं करतात ती याचसाठी. भाषा शिकवणाऱ्याला मूल ओळखायला वर्ष लागतं. दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या शिक्षकाकडून सात वर्षांचं बोलणं बांधून होत नाही.

दुसरं कारण शिक्षकाचं स्वतःचं इंग्रजी. पहिलीपासून इंग्रजी आली तेव्हा ती शिकवायला आलेली पिढी स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेली होती, तीही लिहून. प्रशिक्षणं झाली, चहा-बिस्किटं झाली, सही झाली. यातही एक चांगला प्रयोग झाला. २०१६ मध्ये राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी ‘तेजस’ उपक्रमातून नऊ जिल्ह्यांत शिक्षकांचे छोटे गट केले. त्यांनी ठरावीक काळाने एकत्र यायचं, एकमेकांशी इंग्रजीत बोलायचं, वर्गात काय चाललं ते सांगायचं. मूळ कल्पना मुलांच्या बाबतीतलीच: लहान गट आणि प्रत्येकाला बोलायची पाळी. तीन-चार केंद्रांतल्या शिक्षकांनी महिन्यातून एक दुपार यासाठी ठेवायला फारसा निधी लागत नाही. त्या दुपारी दुसरं कुठलं पत्रक भरायला सांगू नये, एवढंच लागतं.

सरकारी शाळेला हे जमत नाही, असं म्हणायची सोय महाराष्ट्राने ठेवलेली नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेत प्रवेशासाठी रांगा लागल्या. मराठवाड्यातल्या गाडीवाट या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलं जपानी शिकायला लागली, हे २०२० मध्ये देशभर छापून आलं. जपानी! जिचा गावात कुणालाच उपयोग नव्हता, अशी भाषा मुलांनी स्वतः मागितली आणि शाळेने इंटरनेटवरून, एका जाणकाराच्या मदतीने मिळवून दिली. या तिन्ही ठिकाणी इमारतीआधी माणूस होता, आणि तो काही वर्षं तिथे टिकला होता.

आरे-वारेच्या पट्ट्यात तर एक जास्तीची सोय आहे. मुंबईत बँकेत, विमा कंपनीत, गोदीत, शाळांत आयुष्य काढून निवृत्त झालेले चाकरमानी गावी परतले आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांनी तीस-पस्तीस वर्षं इंग्रजीत पत्रव्यवहार केला आहे, परदेशी गिऱ्हाइकांशी बोलले आहेत. आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास त्यांनी वाडीतल्या शाळेत मुलांसमोर फक्त इंग्रजीत गप्पा मारल्या, तर जपान परदेशातून जो सहायक आणतो तो इथे पायी चालत येईल. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून हे सुरू करायला कुठल्या शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही. शिक्षकाची जागा मात्र या निवृत्तांनी भरायची नाही. जागा भरणं सरकारचं काम आहे आणि ते सरकारकडूनच करून घ्यायला हवं.

खाजगी क्लास वाईट नाहीत, ते राहतीलच. मोठ्या माणसाला ऐन गरजेच्या वेळी तोंड उघडायला लावणं हे त्यांचं काम आहे आणि त्यात त्यांचा हात धरणारं दुसरं कुणी नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला इंग्रजी द्यायची तर ती त्याच्या रोजच्या शाळेतच, आणि त्याच्या वाट्याच्या मिनिटांत मोजून द्यावी लागेल. येत्या जूनमध्ये प्रवेशासाठी जाल तेव्हा, शाळा कुठलीही असो, माध्यम कुठलं, फी किती आणि व्हॅन कुठवर येते हे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा: माझं मूल रोज स्वतः किती वेळ बोलेल? वाडीतल्या गुरुजींनाही तो विचारा. उत्तर द्यायला त्यांच्याइतकी सोयीची जागा दुसऱ्या कुणाकडे नाही. ते उत्तर देता आलं नाही, तर का आलं नाही हा प्रश्न मग सगळ्यांनी मिळून जिल्हा परिषदेला विचारायचा.